नाटक शिकवता, तसा नाटकाचा हिशेबही शिकवा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

सप्रेम नमस्कार.

मी व्यावसायिक मराठी नाटकांचं व्यवस्थापन बघतो. नाट्यगृहाच्या तारखा मिळवणं, बुकिंगचा प्लॅन लावणं, प्रयोगानंतर सगळ्यांचे पैसे चुकते करणं, हे माझं अठरा वर्षांचं काम.

गेल्या पावसाळ्यात दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात प्रयोग संपल्यावर एक मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. ठरलेली नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, ५,००० रुपयांची, खात्यात आले ४,५००. निर्मात्याने पाचशे मारले, असं तिच्या मनाने घेतलं होतं. रंगभूषेचं क्रीमही पुसलं नव्हतं अजून. मी तिथेच मोबाईलवर आयकराचं पोर्टल उघडून दाखवलं. कापलेले दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, म्हणून तिच्याच पॅनवर जमा होते. आधीच्या वर्षाचेही होते. तिने रिटर्न कधी भरलंच नव्हतं, त्यामुळे परतावा मागितलाच गेला नाही. डोंबिवलीच्या खोलीचं दोन महिन्यांचं भाडं त्यातून सुटलं असतं.

साहेब, ही मुलगी नाट्यशास्त्रात एम.ए. आहे. भरतमुनींचे आठ रस तिला तोंडपाठ आहेत. तिला दोष कसा द्यायचा? दोन वर्षांत कुणी तिला एका प्रयोगाचा खर्चाचा कागद दाखवला नाही.

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात नाट्यकला आणि लोककला या दोन्हींच्या अकादमी आहेत. तिथून तयार होऊन येणारी मुलं मी रोज बघतो आणि त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण बाहेर पडल्यावर त्यातला प्रत्येक जण एकट्याचा धंदाच चालवत असतो. धंदा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. रविवारी दुपारी चारचा प्रयोग आणि बुधवारी रात्री साडेआठचा प्रयोग यांचं गणित वेगळं असतं. नाट्यगृहाचं भाडं, सेटचा टेम्पो, लाईट, बॅकस्टेजची माणसं, जाहिरात आणि लेखकाचं मानधन वजा केल्यावर किती उरतं, हे ज्याला मांडता येत नाही, तो स्वतःची संस्था काढतो आणि तिसऱ्या प्रयोगाला आईचे दागिने गहाण टाकतो. तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर नाटकाला जीएसटी लागत नाही, एवढी साधी गोष्टसुद्धा दर ठरवताना अनेकांना ठाऊक नसते.

हे दुखणं जुनं आहे. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पडदे, शालू, अत्तर, कशातच हात आखडता घेतला नाही आणि अखेर खुद्द बालगंधर्व कर्जात बुडाले. त्यांच्याएवढं प्रेम कुणाला मिळालं होतं?

त्याहून अवघड असतं ते पैसे मागणं. गणेशोत्सवात मंडळवाले म्हणतात, 'आपल्यातलाच कार्यक्रम आहे.' आमची गाणारी पोरं मान खाली घालून म्हणतात, 'तुमच्या मनाला येईल ते द्या.' नारायणगावला तमाशाच्या राहुट्यांमध्ये जत्रेतल्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या ठरतात, तिथे तमाशाचा फडमालक गावकारभाऱ्यांशी कसा बोलतो, हे एकदा बघावं. लोककलेच्या विद्यार्थ्याने लावणीच्या बरोबरीने तेही शिकायला हवं. करारपत्राचंही तसंच. रेकॉर्डिंगच्या कागदावर 'सर्व हक्क कायमचे' असं वाचूनही मुलं सही ठोकतात. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराईट कायद्यात कलाकाराला व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क मिळाला आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

माझी मागणी एकच आहे. उच्च शिक्षण मंत्र्यांशी बोलून नाट्य, संगीत, नृत्य आणि लोककलेच्या प्रत्येक पदवीत व्यवसायाचा एक सक्तीचा पेपर आणा. परीक्षा लेखी नको. विद्यार्थ्यांनी एका प्रयोगाचं अंदाजपत्रक करावं, तारीख मिळवावी, तिकिटं विकावीत, नाटकाची संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणावं आणि शेवटी हिशेब मांडावा. तोटा आला तरी चालेल, हिशेब खरा हवा. शिकवायला व्यवस्थापक, निर्माते, सीए आणि फडमालक बोलवा. राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रांवरही असा एक दिवस ठेवता येईल, कारण कॉलेजात न शिकलेले कितीतरी रंगकर्मी तिथेच भेटतात.

सोमवारी बहुधा आमचे प्रयोग नसतात. दर सोमवारी दुपारी कलिनाला येऊन शिकवायला मी तयार आहे, मानधनाशिवाय. अठरा वर्षांच्या बुकिंगच्या वह्या घरी जपून ठेवल्या आहेत, पडलेल्या नाटकांच्याही. त्या घेऊन येईन.

आपला नम्र,
एक नाट्यव्यवस्थापक, गिरगाव