उत्तरेकडचे तरी कुठे धुतल्या तांदळासारखे होते

संपादक, स.न.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या गुलामगिरीवरचा लेख आवडला, पण वाचून वाटतं की उत्तरेकडचे सगळे सज्जन आणि दक्षिणेकडचे सगळे खलनायक, तर तेवढं सोपं नव्हतं हो. उत्तरेकडच्या पेनसिल्व्हेनिया राज्याने 1780 मध्ये गुलामगिरी हळूहळू संपवायचा कायदा केला खरा, पण त्याने लगेच कोणीच सुटलं नाही, कायद्यानंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या पोरालाही मालकाकडे 28 वर्षांचं होईपर्यंत राबावं लागायचं, म्हणजे उमेदीची वर्षं गेलीच की. न्यूयॉर्कमध्ये तर गुलामगिरी संपायला 1827 उजाडलं.

आणि उत्तरेकडच्याच ऱ्होड आयलंड राज्यातल्या गिरण्या? तिथे मुद्दाम जाडंभरडं कापड विणायचे आणि दक्षिणेतल्या मळेवाल्यांना विकायचे, गुलामांच्या अंगावर घालायला. धंदा म्हणजे धंदा! 1793 साली सरकी काढायचं यंत्र आलं, काम हलकं व्हायचं सोडून कापसाची लागवडच एवढी वाढली की 1790 चे सुमारे 7 लाख गुलाम 1860 पर्यंत जवळपास 40 लाख झाले.

पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाऊनच्या चार क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) मंडळींनी 1688 मध्येच गुलामगिरीचा लेखी निषेध केला होता, पंथाच्या वरच्या सभांनी तो एकीकडून दुसरीकडे ढकलत ठेवला. त्याबद्दल एक ओळ तरी हवी होती.

— एक नियमित वाचक, सातारा