कलम पाहिले, आजार नाही

महोदय,

करोनाकाळात तुरुंगांतील गर्दी कमी करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितले. आपल्याकडे समिती नेमली, हजारो कैदी तात्पुरते सुटलेही. मात्र यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालचे आरोपी वगळले गेले.

झारखंडच्या आदिवासींसाठी आयुष्य वेचलेले फादर स्टॅन स्वामी त्याच यादीतले. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली तेव्हा वय ८३. कंपवाताने हात इतके थरथरत की पेला ओठांपर्यंत नेता येईना. पाणी पिण्याच्या साध्या नळीसाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला आणि त्यावर उत्तर द्यायला तपासयंत्रणेने वीस दिवस मागितले! वीस दिवस, एका नळीसाठी. हे आठवले की आजही जीव कळवळतो. तळोजा तुरुंगातून रुग्णालयात हलवल्यावर त्यांना करोना झाल्याचे कळले. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा प्रश्न उच्च न्यायालयात असतानाच ते गेले. खटला सुरूही झाला नव्हता.

साथीच्या काळात वृद्ध आणि आजारी कच्च्या कैद्यांच्या जामिनाचा विचार, कलम कोणतेही असो, वैद्यकीय अहवाल पाहून तातडीने व्हावा, असा नियम गृहखात्याने आताच करावा.

– एक वाचक, पनवेल