हद्दीच्या दोन्ही बाजूंना विचारून बघ

कोल्हापूर,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय दोस्ता,

स. न. वि. वि.

पत्र मिळालं. खोली मिळाली, जेवणाची सोय लागली, आता काळजी नाही. आईंना लगेच फोन करून सांगितलं. आता मुद्द्याचं बोलतो, कारण प्रबंधाचा विषय ठरत नाही म्हणून तुझी झोप उडालीय हे ओळीओळीत दिसतंय. तिकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, शहर-व्यवस्थापकांची आकडेवारी तयार आहे, त्यावर काम लवकर उरकेल, हे गाईडांचं म्हणणं खरंच आहे. तरी मी तुला हट्टाने सांगतो: हद्दवाढ घे. आपल्या कोल्हापूरची हद्दवाढ, म्हणजे आजूबाजूची गावं महापालिकेत घ्यायची की नाही हा वाद.

हे उगाच गावाच्या प्रेमापोटी सांगत नाही. तू लोकप्रशासन शिकायला ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात आहेस, म्हणजे लोक सामायिक गोष्टींचा कारभार कसा करतात हे अभ्यासणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या विद्यापीठात. त्यांनी आणि त्यांचे पती व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम यांनी १९७३ साली सुरू केलेली ‘वर्कशॉप’ ही संशोधन संस्था तिथंच आहे. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा सगळीकडे त्यांच्या जंगलांची, कुरणांची, पाटाच्या पाण्याची चर्चा झाली. मला मात्र त्यांचं पोलिसांवरचं जुनं काम जास्त जवळचं वाटतं, आणि वर्गात शिकवतानाही मी तिथूनच सुरुवात करतो.

१९७० च्या आसपासची गोष्ट. इंडियानापोलिस शहर आणि भोवतालची काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एकाच कारभाराखाली आणली जात होती. लहान लहान खाती म्हणजे पैशांची नासाडी, सगळं एकत्र केलं की कारभार सुधारतो, अशी त्या काळी बहुतेक जाणकारांची खात्री होती. बाईंनी वाद घालत बसण्यापेक्षा विद्यार्थ्यांना घेऊन वस्त्या गाठल्या. निवडल्या त्या एकमेकींना लागून असलेल्या, राहणीमान सारखंच. फरक एवढाच की काहींना स्वतःचं छोटं पोलीस खातं, तर काहींना शहराचं मोठं. मग घरोघरी विचारलं: तुमच्याकडे गुन्हा घडला का? बोलावल्यावर पोलीस किती वेळात आले? त्यांचं काम कसं वाटतं? उत्तरं छोट्या खात्यांच्या बाजूने गेली. पुढं सेंट लुईस आणि इतर भागांत अभ्यास वाढवल्यावर दुसरी बाजूही दिसली: गस्त, तक्रारीला धावून जाणं ही कामं लहान-मध्यम खाती चांगली करतात, पण गुन्हे प्रयोगशाळा, प्रशिक्षण असल्या गोष्टी मोठ्या पातळीवर, वाटून घेऊनच परवडतात. म्हणजे ‘मोठं की लहान’ असा सरसकट प्रश्न विचारण्यातच गफलत होती. कुठली सेवा कुठल्या पातळीवर, हे एकेका सेवेगणिक बघावं लागतं.

आता हे घेऊन इकडे ये. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली, पण हद्द तेवढीच राहिली. शहर मात्र वाढत वाढत पाचगाव, कळंबा, उचगाव, उजळाईवाडीत कधीच घुसलंय. शहरातले म्हणतात, हे लोक आमचे रस्ते, आमची केएमटी (महापालिकेची बससेवा) वापरतात आणि कर भरत नाहीत. गावातले म्हणतात, घरफाळा वाढेल, शेतीवर आरक्षणं पडतील, ग्रामपंचायत जाईल आणि दाद कुणाकडे मागायची? हद्दवाढीऐवजी २०१७ साली ४२ गावांचं नागरी विकास प्राधिकरण आणलं, त्यानं वाद काही मिटला नाही. दोन्हीकडून बंद, मोर्चे, निवेदनं. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात, मी सभांना जाऊन ऐकलंय. पण सगळी भाषा ‘आमचं’ आणि ‘तुमचं’ अशीच. कुणाच्या दारात कुठली सेवा कशी पोचते, यावर कुणी बोट ठेवत नाही.

आमच्या नव्या घराजवळ हद्द कशी दिसते सांगतो. रस्ता एकच, डांबर एकच. डावीकडची घरं महापालिकेची, उजवीकडची ग्रामपंचायतीची. सकाळी महापालिकेची घंटागाडी येते, डावीकडचा कचरा घेते आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी वळते. समोरच्या आजी बादली घेऊन रस्ता ओलांडतात आणि ओळखीच्या चालकाच्या गाडीत कचरा टाकतात. तोही घेतो, एका शब्दानं अडवत नाही. उलट त्यांच्या बाजूचा रस्त्यावरचा दिवा गेला, तर ग्रामपंचायत सदस्याच्या घरी निरोप धाडला की दुसऱ्या दिवशी बदलतो. आमच्याकडे तक्रार नोंदवून वाट बघावी लागते. पाण्याचं गणित मात्र वेगळंच. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन आणायची तर ते एकट्यादुकट्या ग्रामपंचायतीचं काम नव्हे, २०२३ मध्ये ते पाणी शहरात आलं ते मोठ्या यंत्रणेमुळेच. एकाच रस्त्यावर ऑस्ट्रॉमबाईंचा अख्खा प्रबंध उभा आहे, आणि हे मी अगदी भारावून लिहितोय.

तो घंटागाडीवाला तर तुमच्या शास्त्राचा अर्धा विषय आहे. नियमात नाही ते तो रोज करतो. का करतो? जेम्स पेरी तुमच्याच विद्यापीठातले. लोकांसाठी काम करण्याची ओढ माणसात कुठून येते हे त्यांनी आणि लोइस वाइज यांनी १९९० साली मांडलं, आणि त्यावर जगभर अभ्यास उभा राहिला. पण कोल्हापूरच्या सफाई कामगाराला, वॉर्ड ऑफिसातल्या क्लार्कला, ग्रामसेवकाला हे प्रश्न त्यांच्या भाषेत विचारायला माणूस पाहिजे. तो तू आहेस.

तुला वाटेल, तिकडच्या परिषदांत पाचगाव-कळंबा कोण ऐकणार? अरे, १९९१ साली अमेरिकेतल्या सिरॅक्यूसला सार्वजनिक व्यवस्थापनाचे अभ्यासक जमले आणि त्यातून ही संशोधकांची मंडळी बांधली गेली, ती कारभार प्रत्यक्ष कसा चालतो हे पुराव्यानिशी तपासायला. त्याच सिरॅक्यूसच्या मॅक्सवेल स्कूलचे डीन पॉल ॲपलबी १९५३ मध्ये आपल्या सरकारला प्रशासनाचा अहवाल देऊन गेले, आणि पुढच्याच वर्षी दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली. तेव्हा तिकडून इकडे येऊन बघितलं गेलं. आता आपल्यातल्या कुणी इथलं नीट मोजून तिकडे मांडावं, असं मला फार वाटतं. शाहू महाराजांनी १९०२ साली संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांना राखून ठेवल्या तोही कारभाराचाच निर्णय होता. कारभारावर विचार करणं या गावाला नवं नाही.

कामाचं लिहितो. मे महिन्यात येशील तेव्हा हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांची जोडी लावू: सारखी घरं, सारखं उत्पन्न, फक्त कारभार वेगळा. माझ्या एम.ए.च्या मुलांना घरोघरी जायची हौस आहे, बोलीत बोलतात, लोक त्यांना चहा पाजतात. प्रश्न कचरा, दिवे, पाणी, गटार, दाखले एवढेच ठेव. ‘हद्दवाढ हवी का’ हे शेवटी विचार, आधी विचारलंस तर बाकीची उत्तरं त्याच रंगात येतील. गाईडांशी बोल, इंडियानापोलिसचा दाखला दे, ते नाही म्हणणार नाहीत. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा दिवाळीआधी पाठव, म्हणजे सुट्टीत चार घरी वाचून बघता येईल.

तुझाच,
बाकावरचा सोबती