हृदयातलं प्रत्येक छिद्र आपोआप भरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी अंगणवाडी सेविका आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी तपासणीला येते, डॉक्टरांना एखाद्या बाळाच्या छातीत मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांसोबत येणारा जादा फुसफुस आवाज, ऐकू आला की ते टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लिहून देतात आणि मग घरात कोणीतरी जाणतं माणूस म्हणतं, आमच्या भावकीतल्या पोराचं हृदयातलं होल आपोआप भरलं, याचंही भरेल, कशाला दवाखाने करत बसता. घोळ इथंच होतो.

भरतात, खोटं नाही. खालच्या दोन कप्प्यांमधलं बारीक छिद्र, त्यातही स्नायूच्या भागातलं, पुष्कळदा पहिल्या काही वर्षांत बंद होतं. पण छिद्र मोठं असलं तर डावीकडचं शुद्ध रक्त दाबानं उजवीकडे घुसून परत फुफ्फुसातच जातं. असं बाळ दूध ओढता ओढता मधेच सोडतं, कपाळावर घाम, धाप लागलेली, परत जरा ओढतं आणि दमून झोपी जातं, वजन वाढत नाही, सारखा न्यूमोनिया होतो. घरचे म्हणतात आईला दूध कमी येतंय आणि पावडरचा डबा आणतात! शिवाय मर्मर मोठा म्हणजे छिद्र मोठं असंही नाही, बारीक छिद्राचा आवाज कित्येकदा जास्त येतो, त्यामुळे इकोशिवाय काही ठरवू नये.

मोठं छिद्र वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड होत जातात, दाब इतका वाढतो की अशुद्ध रक्त उलटं शरीरात जायला लागतं, ओठ-नखं निळी पडतात. त्या टप्प्यावर छिद्र बंद केलं तर उलट जिवावर बेततं, म्हणून डॉक्टर ऑपरेशनला नाही म्हणतात. वेळेत गेलं तर हे सगळं टळतं हो.

वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र मात्र गप्प असतं, कधी कधी बाईच्या बाळंतपणातच पहिल्यांदा कळतं. त्याच्या कडा नीट असतील तर जांघेतल्या शिरेतून नळी घालून छत्रीसारखं डिव्हाइस बसवतात, छाती उघडावी लागत नाही. तान्ह्या बाळाच्या खालच्या मोठ्या छिद्राला मात्र बहुतेक वेळा ओपन हार्ट करून पॅच लावतात. खर्चाला घाबरून घरी बसू नका, याच कार्यक्रमातून किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन होतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा.

आणि ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं, हे सुनेला ऐकवणं बंद करा. बाळाचं हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडतं, तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं, आणि बहुतेक वेळा डॉक्टरांनाही नेमकं एक कारण सांगता येत नाही.

ऑपरेशन यशस्वी झाल्याच्या बातम्या तुम्ही फोटोसकट छापता, त्याच्या शेजारी बाळाला दूध पिताना घाम येणं, धाप लागणं, वजन न वाढणं ही लक्षणं चौकटीत छापाल का? ते कात्रण मी अंगणवाडीच्या भिंतीवर लावीन.

– एक अंगणवाडी सेविका