माळ्यावरच्या पेटीतले कागद

बेंगळुरू, रविवार सकाळ

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

हे सारे फोनवरही सांगता आले असते. पण बाबा दोन मिनिटांत ‘आईशी बोल’ म्हणून फोन तुझ्या हातात देतात आणि आई, तू माझ्या आवाजावरूनच अर्धे ओळखतेस, म्हणून लिहिते आहे. बाबा, रक्तदाबाची सकाळची गोळी आधी घ्या आणि मगच पुढचे वाचा.

माझ्या दत्तकविधानाची जुनी माहिती मिळावी म्हणून मी गेल्या महिन्यात दिल्लीच्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ज्याला सगळे ‘कारा’ म्हणतात तिथे, ऑनलाइन अर्ज केला आहे. 2022 च्या दत्तक विनियमांप्रमाणे वयाची 18 वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला हा अर्ज स्वतःच करता येतो. तुमच्या सहीची गरज नव्हती, एवढ्याचाच आधार घेऊन मी तो तुम्हाला न विचारता केला, आणि तेव्हापासून रात्री धड झोप लागलेली नाही.

कारण सांगते. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत डॉक्टरांनी घरात कोणाला मधुमेह आहे का, असे विचारले आणि मी नेहमीप्रमाणे ‘वडिलांना आहे’ म्हणाले. त्यांनी ते लिहूनही घेतले. गेली 20 वर्षे प्रत्येक दवाखान्यात मी हेच सांगत आले आहे, हे त्या दिवशी जिना उतरताना ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी फोन करून दुरुस्ती करून घेतली, पण ‘माहीत नाही’ असे लिहायला लावतानाच मला खोटे बोलल्यासारखे वाटले. (गाठ साधी आहे, दोन दिवसांत घरी सोडणार आहेत, आई, उपास धरू नकोस.)

केवळ तेवढ्याचसाठी अर्ज केला असे म्हटले तर मात्र ते अर्धेच खरे होईल. तुमच्याकडे येण्यापूर्वीचे अकरा आठवडे मी कुठे आणि कोणाच्या हातात होते, हे मला एकदा वाचायचे आहे. मी दहा वर्षांची असताना तू पेटी आवरत होतीस, तेव्हा संस्थेच्या पत्राच्या समासात निळ्या शाईने लिहिलेले ‘वजन 2 किलो 300 ग्रॅम’ मी पाहिले होते. कोणीतरी मला तागडीत ठेवून ते लिहिले असेल.

फार काही हाती लागेल असे समजू नका. जन्मदात्रीने मला स्वतःहून संस्थेकडे सोपवले, असे न्यायालयाच्या आदेशात असल्याचे मला आठवते. आपली ओळख गुप्त राहावी असे तिने तेव्हा सांगितले असेल, तर आधी तिची संमती विचारली जाईल. तिने नकार दिला किंवा ती सापडलीच नाही, तर तिने मला कोणत्या परिस्थितीत सोपवले, तेवढेच मला कळेल. जी मुले बेवारस सापडली, त्यांना तर कुठून आणि कशा अवस्थेत संस्थेत आणले, याहून अधिक बहुधा मिळत नाही. दत्तक मुलाच्या हक्कापायी जन्मदात्यांच्या खासगीपणाला धक्का लागू नये, असे नियमच सांगतो आणि मला तो पटतो. ती आज कोणाची तरी सासू असेल. तिच्या दारात अनोळखी माणसाने जाऊन उभे राहू नये.

म्हणूनच नंदूमामाला यातले काही सांगू नका. तो लगेच ‘माझी ओळख आहे’ म्हणून निघेल, आणि त्रयस्थाने असा शोध घ्यायला परवानगीच नाही. शोधून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तरी देऊ नका.

आई, तुझ्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. आजीने हट्टाने दत्तहोम करवून घेतला, कारण त्याशिवाय तिला ते पक्के वाटेना. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याला त्या होमाची गरज नाही. पण त्याच्या 15 व्या कलमाप्रमाणे एकदा कायदेशीर झालेले दत्तक तुम्हाला रद्द करता येत नाही, आणि मलाही ते नाते टाकून जन्माच्या घरी परत जाता येत नाही. आजीला हे कोणी वाचून दाखवले असते, तर तुपाचा खर्च वाचला असता. गोधडीचा माझा कोपरा अजून माझाच आहे, तो धुवायला टाकू नकोस.

आता कामाचे. मला न्यायालयाच्या आदेशाची, नोंदणीकृत दत्तकपत्राची आणि संस्थेच्या त्या पत्राची झेरॉक्स हवी आहे. आदेशावर वरच्या कोपऱ्यात अर्जाचा क्रमांक आणि वर्ष असेल, ते फोनवर वाचून दाखवा. पुण्याच्या न्यायालयात प्रमाणित नक्कल मागायची झाली तर त्यावाचून जुने प्रकरण शोधणे कठीण जाते. संस्थेत मी विचारले, तेव्हा जुनी रजिस्टरे दुसऱ्या इमारतीत हलवली आहेत, एवढेच उत्तर मिळाले, म्हणून आपल्याकडचे कागद मोलाचे आहेत. मूळ प्रत कोणाच्याही हाती देऊ नका, टपालाने तर मुळीच पाठवू नका.

पेटी काढायला आई, तू स्टुलावर चढायचे नाही. बाबा, तुम्हीही नाही. गीझर दुरुस्त करणारा मंगळवारी येणार आहे, त्याचे पैसे मी भरले आहेत. त्यालाच पेटी खाली उतरवायला सांगा. कागद वाचावेसे वाटले नाहीत तर तसेच राहू द्या, गणपतीला मी आले की तिघे मिळून उघडू.

तुमची,
मनू