फ्लेक्स तेवढा सरकवा

महोदय,
१६ डिसेंबरला विजय दिवस झाला. ढाक्यात शरणागतीवर सही झाली, पाकिस्तानचे ९३ हजार जण शरण आले, हे दरवर्षी छापून येतं. आमच्या घरी त्या दिवशी काळी ट्रंक उघडतात. माझा धाकटा काका १९७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवरच्या शकरगड भागात कामी आला, वय २२. तेव्हा जवानाचं पार्थिव सहसा घरी येत नसे, अंत्यसंस्कार तिकडेच उरकत. घरी पाठवायची पद्धत रुळली ती १९९९ च्या कारगिलपासून. आमच्याकडे तार आली आणि मागाहून ही ट्रंक. आत लोकरी मोजे, साबणाची अर्धी वडी आणि आजीने दिलेली सोलापुरी चादर, घडीसुद्धा न मोडलेली. एवढ्या थंडीत मेल्याने पांघरली का नाही, म्हणून आजी शेवटपर्यंत त्याच्यावर चिडलेली होती.

१९३१ साली इंग्रजांनी फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना आपण १२ जानेवारीला विसरत नाही, ते योग्यच. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी काकाच्या नावाची फरशी आहे, ती बारा महिने कुणा ना कुणाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सआड. यंदा भाच्याने बांबू हलवून ती घासली. ‘शिपाई’ तेवढं वाचता येतं, नाव बोटाने चाचपावं लागतं. अक्षरं आम्ही पदरमोड करून पुन्हा कोरून घेऊ. फ्लेक्स तेवढा दोन हात पलीकडे लावा.

– एक पुतणी, सोलापूर