गाडीतली पाण्याची लाइन घरासारखी करू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कॅरॅव्हॅनच्या सहलींवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. पलंग, ओटा, सौर पॅनेल यांचं वर्णन भरपूर होतं, पाण्याच्या लाइनबद्दल मात्र एक ओळही नव्हती. 2021 साली राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून जुन्या गाड्या घेऊन त्या राहण्याजोग्या करून देण्याची कामं वाढली आहेत, म्हणून हे पत्र.

मी एसटीच्या दापोडी कार्यशाळेतून निवृत्त झालो. दोन वर्षांपूर्वी पुतण्याने अशीच एक टेम्पो ट्रॅव्हलर तयार करून घेतली. ज्याने पाण्याचं काम केलं तो घरांच्या नळकामात तरबेज माणूस. त्याने अर्धा इंची सीपीव्हीसी म्हणजे कडक प्लास्टिकचा पाइप टाकला, एल्बो आणि टी हे वळणाचे आणि फाट्याचे जोड सोल्यूशनने चिकटवले आणि सगळं प्लायमागे कायमचं बंद केलं. पहिल्याच लांबच्या सहलीला राधानगरी, दाजीपूर करत आम्ही फोंडा घाट उतरलो. कणकवलीत चहाला थांबलो, तर मागच्या दारातून पाणी ठिबकत होतं. शंभर लिटरची टाकी निम्म्याहून जास्त रिकामी, पलंगाखालचा प्लाय फुगलेला. सिंकमागचा एल्बो सांध्याच्या कडेला केसभर तडकला होता. गाडीतला बारा व्होल्टचा पंप दाब उतरला की आपोआप सुरू होतो. निघताना त्याचं बटण बंद केलेलं नव्हतं, त्यामुळे घाटभर तो त्या चिरेतून पाणी बाहेर काढत राहिला.

सीपीव्हीसी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. माझ्या घरात तोच आहे. पण तो कडक असतो आणि गाडीत हादऱ्यांचा सगळा ताण सरळ पाइप आणि एल्बो यांच्या सांध्यावर येतो. एसटीत एअर ब्रेकचे पाइप आम्ही कधी मोकळे लोंबू दिले नाहीत. ते ठरावीक अंतरावर क्लॅम्पने धरायचे, पत्र्याच्या भोकातून नेताना कडेला रबरी कडं म्हणजे ग्रोमेट घालायचं, हलणाऱ्या भागापाशी होज म्हणजे लवचीक नळी द्यायची आणि साबणाचा फेस लावून गळती बघायची. गाडीतल्या पाण्याच्या पाइपलाही हीच शिस्त हवी, एवढंच मला सांगायचं आहे.

कणकवलीत हार्डवेअरच्या दुकानातून ब्रेडेड होजचा हातभर तुकडा आणि दोन क्लिपा घेतल्या. तडकलेला एल्बो कापून काढला. चहावाल्याकडून उकळतं पाणी घेऊन होजची टोकं त्यात धरली, मऊ झाल्यावर पाइपांवर चढवली आणि क्लिपा आवळल्या. तारकर्ली आणि परतीचा प्रवास त्या तुकड्यावर झाला.

घरी आल्यावर आम्ही सगळी लाइन उपसली आणि पेक्स हा लवचीक प्लास्टिकचा पाइप टाकला. तो वळतो, त्यामुळे एल्बो निम्म्याने कमी झाले. जितके सांधे कमी तितकी गळतीची ठिकाणं कमी. दर फूटभर अंतरावर क्लॅम्प मारला. पंप रबरी पायांवर बसवला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर होज दिला, म्हणजे पंपाची थरथर पाइपांत जात नाही. पंपाच्या आधी गाळणी लावली, कारण टाकीला भोकं पाडताना उडालेला प्लास्टिकचा भुसा आतच राहतो आणि पुढे पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो. त्या कारागिराने रबरी वॉशरच्या जोडणीवरही टेफ्लॉन टेप गुंडाळून पान्ह्याने आवळलं होतं, आणि दोन प्लास्टिकचे नट त्यातच फुटले होते. टेप निमुळत्या आट्यांवर लागते. जिथे वॉशर पाणी अडवतो तिथे टेप नको. नट हाताने घट्ट करायचा, वर फार तर पाव फेरा. आणि प्रत्येक सांधा हाताला लागेल अशी उघडणारी फळी ठेवायचीच. या कामाच्या चार दिवसांपैकी दीड दिवस आमचा नुसता प्लाय उचकटण्यात गेला.

तपासणी सोपी आहे. नळ बंद ठेवून पंप चालू करायचा. दाब भरला की तो थांबतो. मग रात्रभर तसाच ठेवायचा. कुणी नळ न उघडता पंप मध्येच गुरगुरला तर कुठे तरी झिरपतंय, किंवा पंपातला व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतोय. सांध्यांभोवती टिश्यू पेपर गुंडाळला की थेंबभर ओलही दिसते. नंतर गाडी खडबडीत रस्त्यावर फिरवून आणायची आणि हे सगळं पुन्हा करायचं. गाडी ताब्यात घेण्याआधी गिऱ्हाइकांनी ही दुसरी तपासणी मागावीच.

बाहेरच्या नळाला गाडी थेट जोडणाऱ्यांनी दाब कमी करणारा रेग्युलेटर लावावा. दहा मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब साधारण एक बार येतो, पण हॉटेलचा प्रेशर पंप तीन-चार बारही देतो. मोकळ्या नळावर बरी वाटणारी जोडणी तिथे उडते. लांब मुक्कामानंतर टाकीही निर्जंतुक करावी. शंभर लिटर पाण्याला पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट शंभर मिलिलिटर घालून प्रत्येक नळातून वास येईपर्यंत सोडायचं, चार-पाच तास ठेवून काढून टाकायचं आणि वास जाईपर्यंत टाकी धुवायची.

कॅरॅव्हॅनसाठी जागा देणाऱ्यांना एक विनंती. पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा ठेवा, त्यावर ठळक पाटी लावा आणि पाणी उलटं आत येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. गेल्या हिवाळ्यात किनाऱ्यालगत एका ठिकाणी आम्ही टाकी भरायला गेलो, तर ज्या नळाकडे बोट दाखवलं त्याच नळाच्या हिरव्या पाइपने आमच्या आधीच्या गाडीची मैल्याची टाकी धुतली जात होती. पाइपचं तोंड त्या टाकीच्या आत होतं. आम्ही पाणी न भरता निघालो आणि पुढच्या गावात वीस लिटरचे दोन जार विकत घेतले.

आपला,
एसटीचा एक निवृत्त तंत्रज्ञ, कासारवाडी, पुणे